जुन्या जीपचा स्टिअरिंग कॉलम: स्क्रू पिळण्याआधी

जुन्या जीपचं स्टिअरिंग ढिलं झालं की गॅरेजमध्ये पहिला हात जातो तो स्टिअरिंग बॉक्सच्या (व्हीलचं फिरणं चाकांकडे पोचवणार्‍या डब्याच्या) बाजूच्या स्क्रूकडे. चेकनट सोडायचा, स्क्रू अर्धा फेरा आत घ्यायचा, "आता बघा" म्हणायचं. चार दिवस बरं वाटतं, मग वळण घेतल्यावर चाक आपोआप सरळ येईनासं होतं आणि महिन्याभरात प्ले (मोकळी, वाया जाणारी हालचाल) पुन्हा तिथेच. स्क्रू तिथे कशासाठी दिलाय ते न समजता पिळला, तर चांगला वर्मही (बॉक्समधला शाफ्टवरचा पिळाची खाच असलेला भाग) कायमचा जातो.

हे सगळं सीजे-३बी घराण्यातल्या जीपबद्दल आहे, म्हणजे विलिसच्या मूळ आराखड्यावरच्या, रॉस पद्धतीचा बॉक्स आणि पुढे बेलक्रँक (पिनवर फिरून बॉक्सची ओढ चाकांकडच्या रॉडांना देणारा लिव्हर) असलेल्या गाड्यांबद्दल. मुंबईत माझगावला १९४९ साली विलिस जीपची जुळणी सुरू झाली, आणि महिंद्राने ही मांडणी पुढे कित्येक वर्षं चालवली. तुमच्या गाडीत मागाहून दुसरा बॉक्स बसवला असेल (असं खूप ठिकाणी केलेलं असतं), तर प्ले शोधायची रीत तीच, पण शिम (जाडी जुळवायला घालतात त्या पातळ चकत्या) आणि स्क्रूचं गणित वेगळं. आणि एअरबॅगवाल्या किंवा कॉलमवरच इलेक्ट्रिक मोटर असलेल्या नव्या गाडीसाठी यातलं काहीही वापरू नका. तिथे कॉलममध्ये टॉर्क सेन्सर असतो, शाफ्टवर एक हातोडी बसली की तो गेला. एअरबॅगचा भाग तर घरी उघडायचाच नाही.

कॉलम आणि बॉक्स वेगळे नाहीत

या जीपमध्ये कॉलम नावाची स्वतंत्र वस्तू जवळजवळ नाहीच. स्टिअरिंग व्हीलपासून निघालेला लांब शाफ्ट मधे कुठेही जॉइंट न घेता सरळ बॉक्सपर्यंत जातो आणि त्याच्या खालच्या टोकाला वर्म असतो. बाहेरची नळी फक्त आवरण. नळीच्या वरच्या तोंडाशी एक बेअरिंग, खाली बॉक्समध्ये वर्मच्या वर आणि खाली छर्‍यांचं एकेक बेअरिंग. म्हणजे व्हीलवर दिलेला प्रत्येक ठोका, ओढ, वाकडा ताण सरळ बॉक्सच्या छर्‍यांवर जातो.

(हाच सरळ शाफ्ट समोरून धडक बसली की चालवणार्‍याच्या छातीकडे येतो. आपोआप चेपणारा कॉलम जनरल मोटर्सने १९६७च्या मॉडेलांत आणला, जीपचा आराखडा त्याच्या कितीतरी आधीचा. बाजारात "सेफ्टी कॉलम" म्हणून काहीही कापून जोडून देणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका.)

बॉक्सच्या आत वर्मच्या खाचेत दोन टॅपर पिना बसतात. या पिना एका आडव्या शाफ्टच्या लिव्हरवर असतात, आणि त्या शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला ड्रॉप आर्म, म्हणजे खाली लोंबणारा दांडा. वर्म फिरला की पिना खाचेतून सरकतात, आर्म पुढे-मागे होतो. गुणोत्तर मधे साधारण १२, दोन्ही टोकांना १४. याचा हिशेब एकदा करून ठेवला की प्लेकडे बघायची नजर बदलते. ड्रॉप आर्मला फक्त एक अंश मोकळीक असेल तर १७ इंची व्हीलच्या कडेवर ती जवळपास दोन इंच दिसते. बॉक्सच्या पुढे, म्हणजे ड्रॉप आर्म आणि बेलक्रँक जोडणार्‍या ड्रॅग लिंकच्या बॉलमध्ये, १ मिलिमीटर झीज असली आणि आर्म १५० मिलिमीटर लांब धरला, तर कडेवर साधारण १७ मिलिमीटर. व्हील हातभर फिरतंय म्हणून बॉक्स संपला असं नसतं. असे तीन-चार मिलिमीटर वाटेवर इथे-तिथे सांडलेले असतात.

प्ले नेमका कुठे आहे

दोन माणसं लागतात. इंजिन बंद, चाकं जमिनीवर आणि सरळ. एकाने आत बसून व्हील डावी-उजवीकडे दोन-दोन इंच हलवत राहायचं, जोरात नाही. दुसर्‍याने खाली बॅटरी घेऊन झोपायचं आणि व्हीलपासून चाकापर्यंत क्रमाने बघत जायचं. डोळ्यांपेक्षा बोटं खरी: प्रत्येक सांध्यावर अशी बोटं ठेवा की अर्धं बोट एका भागावर, अर्धं दुसर्‍यावर. दोन्ही एकदम हलले तर सांधा ठीक, एक आधी आणि दुसरा मागून हलला तर प्ले तिथे.

सुरुवात वरून. व्हील दोन्ही हातांनी धरून वर-खाली ओढा. शाफ्ट लांबीच्या दिशेने टक् टक् करत सरकत असेल तर वर्मच्या बेअरिंगचा ताण गेलाय. हा दोष बाजूच्या स्क्रूने निघत नाही, त्याला शिम काढावे लागतात. व्हील आडवं हलत असेल, म्हणजे कॉलमच्या तोंडाशी डुगडुगत असेल, तर वरचं बेअरिंग किंवा त्याची स्प्रिंग.

मग बॉक्स. शाफ्ट फिरतो पण ड्रॉप आर्म उशिरा हलतो, तर प्ले आत. पण त्याआधी बॉक्सच चेसिसवर हलतोय का ते बघा. बॉक्सच्या पायाशी बोट ठेवलं की लगेच कळतं. बोल्ट ढिले असतात, आणि त्याहून वाईट म्हणजे बॉक्सजवळ चेसिसलाच चीर गेलेली असते. तिथली माती तारेच्या ब्रशने घासल्याशिवाय चीर दिसत नाही. गंजाची बारीक तपकिरी रेघ दिसली तर स्टिअरिंगचं काम बाजूला ठेवा, आधी चेसिस.

पुढे ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं, मग बेलक्रँक. बेलक्रँक या गाड्यांचं खरं दुखणं. पुढच्या क्रॉसमेंबरवर एका पिनवर तो फिरतो, चिखल-पाणी थेट अंगावर, आणि त्याला ग्रीस करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. टोक हातात धरून वर-खाली हलवा. इथे झीज असेल तर बॉक्स नवा टाकूनही फरक पडणार नाही. त्यानंतर टायरॉड एंड (बेलक्रँकपासून चाकांकडे जाणार्‍या रॉडांची टोकं). शेवटी पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. प्ले जाणवला तर आतल्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर चाकाचं बेअरिंग, राहिला तर किंगपिन (ज्या खुंटीवर चाक वळतं ती).

या सगळ्यात बॉक्स निर्दोष निघण्याची शक्यता बरीच असते. तसं असेल तर बॉक्सला हात लावू नका.

हत्यारं

जुन्या जीपचे बोल्ट इंचातले. ७/१६, १/२, ९/१६, ३/४ हे पाने हवेतच. मिलिमीटरच्या पान्यांवर भागवायचं म्हटलं तर ३/४ला १९ चा पाना बरोबर बसतो, पण १/२ला १३ चा ढिला पडतो आणि गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करतो, आणि ९/१६वर १४ चा चढतच नाही. जुन्या मेकॅनिकांची "चार सूत, सहा सूत" ही भाषा इथे अजून कामाची आहे: एक सूत म्हणजे १/८ इंच. याशिवाय व्हीलसाठी दोन पायांचा पुलर, ड्रॉप आर्मसाठी जाड आणि आखूड पायांचा दणकट पुलर, सेंटर पंच, मायक्रोमीटर किंवा निदान व्हर्नियर, गाडी टेकवायला दोन स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली झोपायचं नाही.

व्हील काढणं

चाकं सरळ करा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. हॉर्नचं बटण काढलं की खाली स्प्रिंग, कप आणि नट दिसतो. बटणाखालचे भाग ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने कापडावर मांडा, फोटो काढा. नट सोडा, पण पूर्ण काढू नका. दोन-तीन आटे शिल्लक ठेवा, नाहीतर पुलरचा ताण सुटला की व्हील थेट तोंडावर येतं. शाफ्टच्या टोकावर आणि व्हीलच्या हबवर समोरासमोर पंचाची एकेक खूण करा.

आता पुलर. हबच्या मागे पाय अडकवायचे, दांड्यांना नाही. ताण द्या, थांबा, हबवर बाजूने हलके ठोके द्या, पुन्हा ताण. अडून बसलं तर गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर तसंच ठेवा. खालून गुडघ्याने व्हील वर रेटायचं आणि वरून शाफ्टच्या टोकावर हातोडी मारायची, हा रस्त्याकडेचा प्रकार इथे करू नका. तो ठोका शाफ्टमधून थेट खालच्या छर्‍यांवर जातो आणि बेअरिंगच्या कपमध्ये (छर्रे फिरतात त्या वाटीत) छर्‍यांचे बारीक खड्डे पडतात. नंतर व्हील फिरवताना जी खडखड लागते आणि कुठल्याही शिमने जात नाही, ती बर्‍याचदा हीच. शिवाय शाफ्टचे आटे चेपतात.

व्हील निघालं की स्प्रिंग, तिची बैठक आणि वरचं बेअरिंग समोर असतं. नुसती कुईकुई असेल आणि शाफ्टवर झीज नसेल, तर साफ करून ग्रीस भरा, स्प्रिंग दमली असेल तर बदला. शाफ्टवर बेअरिंगच्या जागी नखाला लागेल अशी खाच असली तर नवं बेअरिंगही हलणार. तिथे टर्नरकडून भर घालून पुन्हा टर्निंग करून आणतात, पण शाफ्टला वेल्डिंगची उष्णता देणं मला मान्य नाही. चांगला जुना शाफ्ट शोधावा.

हॉर्नची वायर

ज्या जीपमध्ये हॉर्नची वायर पोकळ शाफ्टमधून जाते आणि बॉक्सच्या बुडातून बाहेर पडते, तिथे दोन तक्रारी ठरलेल्या. बटण फक्त अर्थ (अर्थिंग) देतं, म्हणजे वायर शाफ्टला टेकली की हॉर्न वाजला. आवरण घासून तांबं उघडं पडलं की गाडी वळवताना हॉर्न आपोआप वाजतो. वायर हॉर्नकडून सोडा, मल्टिमीटर वायर आणि शाफ्टमध्ये लावा, व्हील टोकापासून टोकापर्यंत फिरवा. बटण न दाबता कुठेही बीप आला तर वायर बदला. नवी वायर ओढताना जुनीच्या टोकाला बांधून ओढा, नाहीतर तासभर जातो. उलट तक्रार म्हणजे हॉर्न कधी वाजतो, कधी नाही. शाफ्टचा अर्थ तेलाने माखलेल्या बेअरिंगमधून जातो, त्यामुळे तो कच्चा असतो. आधी कॉलमची नळी आणि चेसिस यांच्यातला अर्थ तपासा, हॉर्न बदलू नका.

बॉक्स खाली उतरवणं

डॅशबोर्डखाली कॉलमला धरणारा ब्रॅकेट आधी ढिला करा. पायाशी फरशीवर कॉलमभोवतीची प्लेट असते, तिचे स्क्रू गंजून गेलेले असणारच. ड्रॅग लिंक ड्रॉप आर्मपासून सोडा. मग ड्रॉप आर्मचा नट. आर्म दातांवर टॅपरमध्ये घट्ट बसलेला असतो, इथे दणकट पुलरशिवाय इलाज नाही. आर्म आणि शाफ्टवर खूण करा. पुलर ताणून धरून आर्मच्या बाजूवर ठोका दिला की ठण्‌कन सुटतो. तो आवाज मोठा असतो, दचकून हात काढू नका. शाफ्टच्या टोकावर मात्र मारायचं नाही. आतल्या पिना आणि बाजूचं कव्हर तो मार खातात. आर्मला लाल होईपर्यंत गॅसने तापवायचं तर मुळीच नाही. तो फोर्जिंगचा भाग आहे, तापून मऊ पडला की पुढे कधी वाकेल सांगता येत नाही.

चेसिसचे बोल्ट काढून बॉक्स खाली घेता येतो, पण बर्‍याच गाड्यांत त्या बाजूचं मडगार्ड काढणंच सोयीचं पडतं. मडगार्ड वाचवायला निम्मा दिवस झटण्यापेक्षा त्याचे बोल्ट काढा. उतरवताना एकाने वरून कॉलम धरायचा, एकाने खालून बॉक्स.

उघडल्यावर काय बघायचं

तेल काढून टाका. त्यात चमचमती भुकटी दिसली तर वर्म किंवा कप गेलाय, पाणी मिसळून दुधाळ झालं असेल तर सील. बाजूचं कव्हर काढलं की लिव्हरचा शाफ्ट बाहेर ओढायचा, पण आधी दातांकडच्या टोकाला बारीक पॉलिश पेपर मारून गंज आणि बुर काढा. तसाच ओढला तर बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती आतली नळी) चरचर कापत येतो, आणि नवी सील टाकूनही तेल गळत राहतं.

पिना उजेडात धरून हळूहळू फिरवून बघा. पीन गोल टॅपर असली पाहिजे. बाजूला चपटी चकाकणारी पट्टी पडलेली असेल तर कितीही स्क्रू पिळला तरी मधे घट्ट, बाजूला ढिलं असंच होणार. बुशमध्ये शाफ्ट घालून आडवा हलवा. जाणवण्याइतका हलला तर बुश बदलून रीमरने एकसारखे करून घ्यावे लागतात. हे काम घरी होत नाही, लेथवाल्याकडे शाफ्टसकट बॉक्स द्या आणि सांगा की शाफ्ट बोटाने फिरला पाहिजे पण डुगडुगायला नको. एक-दोन थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) एवढीच मोकळीक.

वरचं कव्हर काढताना घाई नको. इथेच शिम असतात, आणि छर्रे सुटे निघू शकतात. खाली पांढरं फडकं अंथरा, छर्रे मोजून लिहून ठेवा. वर आणि खालचे वेगवेगळ्या डब्यांत. वर्मच्या खाचेत, विशेषतः मधल्या भागात, बोटाचं नख फिरवा. मधे कातडी सोलल्यासारखे खड्डे असतील तर वर्म शाफ्ट बदलण्यावाचून गत नाही.

सुटे भाग पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडला किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटला शोधता येतात, पण माल बघून घ्या. नव्या पिनेवर बारीक कानस हलकेच फिरवा. घसरून गेली पाहिजे. कानसेने पिनेचा कीस निघाला तर ती पीन कच्ची, दुकानातच ठेवून या. जुना पण मूळ, खड्डे नसलेला शाफ्ट नव्या कच्च्या शाफ्टपेक्षा कधीही चांगला.

शिम

आता ज्या भागाला बहुतेक ठिकाणी हात लागत नाही तो. वर्मच्या बेअरिंगचा ताण वरच्या कव्हरखालच्या शिमवर ठरतो. शिम २, ३ आणि १० थाऊचे येतात, म्हणजे ०.०५, ०.०७५ आणि ०.२५ मिलिमीटर. जुने शिम रॉकेलने धुवून एकेक मोजा. तेलाने चिकटून दोनाचा एक झालेला असतो.

लिव्हरचा शाफ्ट अजून बाहेरच ठेवा, किंवा तो आत असेल तर बाजूचा स्क्रू पूर्ण ढिला करा. दोन्ही जागी एकदम ताण द्यायला गेलात तर घर्षण कुठून येतंय ते कधीच कळणार नाही. आधी मुद्दाम एक-दोन शिम जास्त घालून कव्हर आवळा. शाफ्ट लांबीत हलेल. मग एकेक पातळ शिम काढत जा, दर वेळी कव्हर सारख्या ताणाने, समोरासमोरचे बोल्ट आलटून पालटून आवळून. शाफ्टचं सरकणं नुकतंच थांबलं, आणि दोन बोटांनी फिरवताना अगदी थोडी, सगळीकडे सारखी ओढ लागली, की तिथेच थांबा. अजून २ थाऊ काढायचा मोह होतो, काढू नका. फिरवताना एखाद्या जागी अडतंय आणि पुढे सुटतंय असं झालं तर तो शिमचा दोष नाही, कप खराब आहे किंवा छर्रा फुटलाय.

शिमच्या जागी कागदी पॅकिंग कापून घालणं ही इथली सर्रास चूक. कागद तेल पिऊन आठवड्यात दबतो आणि ताण गेला. तेल गळू नये म्हणून सीलंट लावायचंच तर बाहेरच्या कडेला अगदी पातळ, शिमच्या थरांमध्ये नाही. त्याचा थरही मोजमापात येतो.

आणि आता तो स्क्रू

वर्मची खाच सगळीकडे सारखी नसते. गाडी सरळ चालताना पिना जिथे असतात, तिथे खाच मुद्दाम उथळ ठेवलेली असते. कारण गाडीचं बहुतेक आयुष्य सरळच जातं, झीज तिथेच होते. उथळ ठेवल्यामुळे पुढे झीज झाली की स्क्रू आत घेऊन मधला प्ले काढता येतो आणि टोकांना अडकत नाही. म्हणूनच सेटिंग मधेच करायचं असतं. व्हील टोकाला फिरवलेलं असताना स्क्रू पिळला आणि मग मधे आणलं, तर पिना उथळ खाचेत चेपल्या जातात. वळणानंतर व्हील परत न येणं, सरळ रस्त्यावर सारखं थोडं डावं, थोडं उजवं करत राहावं लागणं, ही या चेपण्याची लक्षणं.

मध्य अंदाजाने ठरवू नका. ड्रॅग लिंक सुटलेली असताना शाफ्ट एका टोकापासून दुसर्‍या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजा, त्याच्या निम्म्यावर या. तो बॉक्सचा मध्य. आता स्क्रू बोटाच्या जोराने आत घेत, शाफ्ट मध्याच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव फेरा फिरवत राहा. मधून जाताना हलकीशी अडल्याची जाणीव झाली पाहिजे, जशी जड दाराच्या खिट्टीवरून हात जाताना होते. बाजूला गेल्यावर ती नाहीशी व्हायला हवी. एवढंच. स्क्रू जागच्या जागी धरून चेकनट आवळा आणि पुन्हा तपासा, कारण चेकनटाबरोबर स्क्रू हमखास थोडा फिरतो. दोन-तीनदा परत करावं लागतं.

तेल एसएई ९० गिअर ऑइल, भरायच्या प्लगच्या तोंडापर्यंत. गळतंय म्हणून बॉक्समध्ये चेसिस ग्रीस ठासणारे पुष्कळ आहेत. ग्रीसमधून पिना एकदा वाट पाडून गेल्या की ते परत खाचेत येत नाही, वर्म कोरडा फिरतो. गळती सीलने आणि बुशने थांबवायची.

परत चढवताना

इथे एक गोष्ट चुकली तर वरची सगळी मेहनत वाया जाते. बॉक्स चेसिसला आधी हाताने बोल्ट लावून ठेवा, डॅशखालचा ब्रॅकेट पूर्ण ढिला. आता चेसिसचे बोल्ट पक्के आवळा. आवळून झाल्यावर कॉलम मोकळा सोडा आणि तो स्वतः कुठे जाऊन थांबतो ते बघा. ब्रॅकेटच्या खोबणीत बरोबर मधे आला तर उत्तम. एका बाजूला राहिला तर ब्रॅकेटखाली वॉशर घाला, भोकं लांबवा, काहीही करा, पण ब्रॅकेटने कॉलमला ओढून जागेवर आणू नका. तसं केलं की लांब शाफ्ट वाकलेल्या नळीत फिरतो आणि बॉक्सचे छर्रे एका बाजूने मार खातात. खात्री करायला ब्रॅकेट आवळायच्या आधी व्हील एका बोटाने फिरवा, आवळून पुन्हा फिरवा. बोटाला जरा जरी फरक लागला तर परत सोडा.

मग बॉक्स मध्यावर, चाकं सरळ, आणि तेव्हा ड्रॉप आर्म खुणेवर बसवा. बॉक्स मध्यावर असताना चाकं सरळ येत नसतील तर व्हील काढून एक दात फिरवणं हा उपाय नाही. दिसायला व्हील सरळ दिसेल, पण बॉक्स कायम मध्यापासून बाजूला चालेल आणि सगळं सेटिंग फुकट. बेलक्रँकपासून निघणार्‍या दोन्ही टायरॉडांनी चाकं सरळ आणा, आणि त्यातच टो-इन (पुढची चाकं समोरच्या बाजूला किंचित आत वळलेली असणं) ३/६४ ते ३/३२ इंच, म्हणजे सव्वा ते जवळपास अडीच मिलिमीटर.

ड्रॅग लिंकच्या टोकांना स्प्रिंगचे बॉलकप आणि आट्याचा प्लग असतो. बेलक्रँककडचा प्लग बॉलवर घट्ट बसेपर्यंत आत घ्या आणि अर्धा फेरा मागे. ड्रॉप आर्मकडचा घट्ट करून पूर्ण एक फेरा मागे. दोन्हीकडे नवी स्प्लिट पिन. जुनी सरळ करून परत घालू नका, एकदा वाकलेली पिन दुसर्‍यांदा वाकवताना मोडते. ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक, बेलक्रँक यांना चीर असेल तर वेल्डिंग करून वापरायचं नाही, कितीही ओळखीचा वेल्डर असला तरी.

पुढची चाकं उचलून व्हील दोन्ही टोकांना नेऊन बघा: टायर स्प्रिंगला किंवा चेसिसला घासतो का, ब्रेकचा होज ताणतो का, हॉर्नची वायर पिळते का. आधी अंगणात, मग मोकळ्या रस्त्यावर ताशी २०-३० किलोमीटरने. वळणातून बाहेर येताना व्हील हातातून स्वतः सरकत मधे आलं पाहिजे. नाही आलं तर ड्रॅग लिंक सोडून बॉक्सचा स्क्रू पुन्हा तपासा, मग बेलक्रँक आणि किंगपिन कोरडे तर नाहीत ना ते. १०० किलोमीटरनंतर चेसिसचे बोल्ट, ड्रॉप आर्मचा नट आणि व्हीलचा नट पुन्हा आवळून बघा, आणि बॉक्सच्या बुडाखाली एक रात्र पुठ्ठा ठेवा. सकाळी त्यावर डाग असला तर तो कुठल्या जागेखाली पडलाय त्यावरून सील की हॉर्नच्या वायरचं भोक ते कळेल.